विद्वत्तेचे भागीदार

आपल्याकडे ग्रंथावर टीका होते, ग्रंथकारावर होते, क्वचित मुखपृष्ठाच्या रंगावरही होते. प्रकाशनावर मात्र होत नाही. प्रकाशक म्हटला की तो एक तर लेखकाला नाडणारा व्यापारी, नाही तर वाङ्मयापायी घरदार गहाण टाकणारा साधुपुरुष, अशी दोनच चित्रे डोळ्यांसमोर येतात. या दोहोंच्या मधे जो मनुष्य प्रत्यक्ष बसलेला असतो, प्रुफे, कागदाची बिले आणि परत आलेले गठ्ठे यांच्या गराड्यात, त्याच्याकडे टीकाकाराची नजर सहसा वळत नाही. कथा-कादंबरीच्या बाबतीत हे चालून जाते. कादंबरी बरी असली तर थोडीफार खपते आणि वाईट असली तर पुष्कळदा जास्त खपते. मी स्वतः कादंबऱ्या लिहितो, तेव्हा हे म्हणण्याचा मला थोडा अधिकार आहे. परंतु इतिहास, भाषा, धर्म, लोकाचार यांवरच्या संशोधनग्रंथाची गोष्ट निराळी. त्याचे वाचक थोडे, खर्च जास्त, आणि तो तयार होण्यास लागणारा काळ कधी कधी लेखकाच्या आयुष्याहूनही मोठा. असा ग्रंथ कोणी, कोणाच्या साह्याने आणि कोणत्या बोलीवर काढला, हा त्या ग्रंथाच्या गुणदोषांचाच भाग आहे, असे माझे म्हणणे आहे.

मी विद्वान नव्हे, हे आरंभीच सांगून टाकतो. दहावी झालो, चित्रकलेची पदविका घेतली आणि मुलुंडच्या एका मराठी शाळेत चित्रकलाशिक्षक म्हणून लागलो, तो आजतागायत तेथेच आहे. कॉलेजची पायरी चढलो नाही. त्यामुळे जे काही कळले ते पुस्तकांतून, आणि तीही बहुतेक वाचनालयाची पुस्तके. पदवीधराला प्राध्यापक भेटलेले असतात. माझ्यासारख्याला प्रकाशक भेटतो. अक्षरे रेखाटण्याचा धंदा म्हणून असेल, पण पुस्तक हाती आले की प्रथम मी शीर्षकपृष्ठ पाहतो आणि मग ते उलटून त्यामागचे बारीक टाइपातले पान वाचतो. तेथे पुष्कळदा प्रकाशकाच्या नावाशेजारी दुसरेही एक नाव आढळते: एखादे मंडळ, एखादे विद्यापीठ, एखादे ग्रंथसंग्रहालय, एखादा दाता. या रिकामटेकड्या छंदातून माझे एक मत बनत गेले आहे. त्या दुसऱ्या नावाने नुसते पैसे दिले असतील तर ग्रंथ छापला जातो. त्याने श्रम दिले असतील, म्हणजे हस्तलिखित वाचले असेल, पाठ ताडून पाहिले असतील, पोथ्यांशेजारी बसायला जागा दिली असेल, सूची केली असेल, तर ग्रंथ जगतो.

ही भागीदारी मराठीला नवी नाही. १८७८ साली काशीनाथ नारायण साने, जनार्दन बाळाजी मोडक प्रभृतींनी पुण्यास ‘काव्येतिहास-संग्रह’ सुरू केला, तेव्हा जुन्या बखरी, पत्रे आणि काव्ये छापील असा धनवान प्रकाशक होता कोठे? वर्गणीदार हाच प्रकाशक. जुना मजकूर हप्त्याहप्त्याने घरी यायचा. राजवाड्यांनी ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड १८९८ साली काढला आणि पुढे बावीस खंडांपर्यंत मजल नेली. त्यांपैकी काही खंड कोल्हापूरच्या विष्णु गोविंद विजापूरकरांच्या ‘ग्रंथमाला’ मासिकातून बाहेर पडले. मासिकाला मजकूर हवा, संशोधकाला छापलेली पाने हवीत, अशी ही दोन गरजवंतांची सोयरीक. राजवाडे दप्तरांच्या शोधात गावोगाव कसे हिंडले हे शाळेतली मुलेही सांगतील. विजापूरकरांनी आपल्या मासिकाची पाने त्यांच्यासाठी मोकळी केली, हे मात्र सांगावे लागते.

सर्वांत धाडसी प्रयोग डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकरांचा. कॉर्नेल विद्यापीठाची डॉक्टरेट घेऊन परतलेल्या या गृहस्थाने ज्ञानकोशासाठी कोणा संस्थानिकाच्या दारी न जाता १९१६ साली नागपुरास चक्क एक लिमिटेड कंपनी उभी केली. कोशाचे भाग विकायचे, आगाऊ वर्गणीदार मिळवायचे आणि त्या पैशावर लेखकमंडळ पोसायचे! पुढे बिऱ्हाड पुण्याला हलले, आणि १९२० नंतरच्या सात-आठ वर्षांत तेवीस खंड बाहेर आले. सूचीचा खंडही त्यांत आहे, हे मी मुद्दाम नमूद करतो. काम उरकल्यावर केतकरांनी ‘माझे बारा वर्षांचे काम’ या नावाने ज्ञानकोश मंडळाचा इतिहास लिहिला. मराठी प्रकाशनावर ज्याला टीका लिहावयाची आहे त्याने आरंभ येथून करावा.

केतकरांची थोरवी मान्य करूनही एक गोष्ट म्हणावीशी वाटते. भागधारक हा भागीदार खरा, पण तो एकदाचाच. पैसे देऊन तो मोकळा होतो. खंड कपाटात लागले की त्याचे कोशाशी असलेले नाते संपते. म्हणून इतका अवाढव्य ज्ञानकोश निघाला, पण त्याची सुधारलेली आवृत्ती निघाली नाही. ज्ञान पुढे गेले, कोश जागच्या जागी राहिला. कित्येक दशकांनी मुंबईच्या यशवंतराव चव्हाण प्रतिष्ठानने तो संगणकावर सर्वांना खुला केला, तेव्हा कोठे माझ्यासारख्याला तो घरबसल्या वाचता आला. म्हणजे केतकरांचा खरा दुसरा भागीदार त्यांच्या मृत्यूनंतर फार उशिरा भेटला. जाता जाता सांगतो, केतकर कादंबरीकारही होते. त्यांच्या कादंबऱ्यांना टीकाकारांनी नावे ठेवली. पण त्यांतली माणसे ज्ञानकोश लिहिणाऱ्याने पाहिलेली माणसे आहेत, एवढे मला त्या वाचताना सतत जाणवते.

ज्या उदाहरणाने माझे मत पक्के झाले ते मात्र मुंबईचेच आहे. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय ही १८९८ सालची संस्था. तिने १९४८ साली मराठी संशोधन मंडळ स्थापले आणि त्याचे काम अनंत काकबा प्रियोळकरांच्या हाती दिले. मूळचे गोव्याचे हे गृहस्थ. त्यांनी मुक्तेश्वराच्या आदिपर्वाच्या पोथ्या एकमेकींशी ताडून त्याची चिकित्सक आवृत्ती सिद्ध केली, १९५३ पासून ‘मराठी संशोधन पत्रिका’ हे त्रैमासिक चालवले, आणि १९५८ साली भारतातल्या मुद्रणकलेच्या इतिहासावर एक इंग्रजी ग्रंथ लिहिला. गोव्यात १५५६ साली पहिला छापखाना आला, त्याला चारशे वर्षे झाल्याचे ते निमित्त. आज जगात कोठेही भारतीय मुद्रणाच्या इतिहासावर लिहू लागलेल्या माणसाला प्रियोळकरांना वळसा घालून जाता येत नाही. आणि तो ग्रंथ लंडनच्या वा न्यूयॉर्कच्या कोणा बड्या प्रकाशनसंस्थेने काढलेला नाही. तो दादरच्या एका मराठी वाचनालयाच्या पोटातल्या संशोधन मंडळाने काढला आहे!

हे कसे घडले? मंडळाला सरकारी अनुदान होते, हे खरे. पण अनुदाने पुष्कळांना मिळतात. येथे जमेची बाजू अशी की ग्रंथसंग्रहालयाने संशोधकाला पैशाहून मोलाची गोष्ट दिली, ती म्हणजे हाताशी असलेला संग्रह. दोलामुद्रिते, म्हणजे आपल्या छपाईच्या पाळण्यातल्या काळातली पुस्तके, तेथेच कपाटांत होती. लिहिणारा, जपणारा आणि छापणारा एका छपराखाली होते. शंका आली की उठून कपाट उघडावे, चूक सापडली की पत्रिकेच्या पुढच्या अंकात दुरुस्ती छापावी. संशोधनग्रंथाला असा शेजार लाभणे ही लहान गोष्ट नव्हे. मोठ्या प्रकाशकाजवळ भांडवल असते, विक्रेते असतात, जाहिरात असते. हा शेजार नसतो.

आता ज्या ग्रंथावर माझा विशेष जीव आहे त्याविषयी लिहितो. शं. गो. तुळपुळे आणि ॲन फेल्डहाउस यांचा जुन्या मराठीचा कोश. यादवकाळातली आणि त्याच्या आगेमागची मराठी, म्हणजे कोरीव लेखांची, लीळाचरित्राची, ज्ञानेश्वरीची मराठी वाचताना आपण पदोपदी अडखळतो. शब्द ओळखीचा वाटतो आणि अर्थ भलताच निघतो. तुळपुळ्यांचे आयुष्य या मराठीत गेले. त्यांचा ‘प्राचीन मराठी कोरीव लेख’ हा ग्रंथ १९६३ साली पुणे विद्यापीठाने काढला होता. पण कोशाचे काम अंगावर असतानाच, १९९४ साली, ते वारले. असे काम मागे राहिले की त्याचे पुढे काय होते, हे आपल्याला ठाऊक आहे. घरच्या माळ्यावर खोकी चढतात, वर्षश्राद्धाला कोणी तरी त्यांची आठवण काढतो, आणि जागा बदलताना ती रद्दीत जातात.

येथे तसे झाले नाही. महानुभाव वाङ्मयाचा आणि महाराष्ट्राच्या तीर्थक्षेत्रांचा अभ्यास केलेल्या, अमेरिकेतल्या ॲरिझोना राज्यात अध्यापन करणाऱ्या या बाईंनी तो कोश तडीस नेला. मुंबईच्या पॉप्युलर प्रकाशनाने तो १९९९ साली छापला आणि पुढच्या वर्षी न्यूयॉर्कहून ऑक्सफर्डने तो बाहेरच्या जगासाठी काढला. पुढे शिकागो विद्यापीठाने दक्षिण आशियातल्या भाषांचे कोश संगणकावर विनामूल्य ठेवले, त्यांत मोल्सवर्थ आणि दाते-कर्वे यांच्या जोडीने हाही आला. एका पुणेकर पंडिताचे काम, एका अमेरिकन विदुषीची चिकाटी, मुंबईच्या एका प्रकाशनाचा छाप, एका परदेशी विद्यापीठाचा संगणक. यांतला एक जण गळाला असता तर बाकीच्यांचे श्रम अर्धवट राहिले असते. मुलुंड-ठाणे लोकलमध्ये उभ्याउभ्या एखादा जुना शब्द पाहून घेता येतो, त्यामागे एवढी माणसे आहेत.

पॉप्युलरविषयी आणखी दोन शब्द. १९२४ साली गणेश भटकळांनी सुरू केलेले हे दुकान. दामोदर धर्मानंद कोसंब्यांचा भारतीय इतिहासाच्या अभ्यासावरचा ग्रंथ १९५६ साली येथूनच निघाला, डॉ. घुर्ये यांच्या समाजशास्त्राचीही पुस्तके येथलीच, आणि रामदास भटकळांच्या काळात मराठी नवकविताही याच घरातून बाहेर पडली. या घराने मुंबई विद्यापीठातल्या अध्यापकांशी आणि मराठी लेखकांशी एकाच वेळी संसार मांडला, आणि असा दुहेरी संसार करणारे प्रकाशक आज फार उरलेले नाहीत. इंग्रजी ग्रंथ एकीकडे आणि मराठी ग्रंथ दुसरीकडे, अशी वाटणी झाली की नुकसान मराठीचे होते, कारण विद्यापीठ इंग्रजीबरोबर जाते.

लहान प्रकाशक एकटा उभा राहत नाही याचा दुसरा पुरावा रा. चिं. ढेरे यांचा ‘श्रीविठ्ठल : एक महासमन्वय’. ढेरे हे लहानपणीच पोरके झालेले, पोटासाठी मिळेल ते लेखनकाम केलेले. पंढरपूरच्या देवाचा शोध घेणारा त्यांचा हा ग्रंथ १९८४ साली पुण्याच्या श्रीविद्या प्रकाशनाने काढला आणि १९८७ साली त्याला साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. श्रीविद्या ही काही बडी कंपनी नव्हे. शनिवार पेठेतल्या एका माणसाच्या हौसेवर चाललेले ते घर. पुढे ढेऱ्यांच्या पुस्तकांच्या नव्या आवृत्त्या अरुण जाखडे यांच्या पद्मगंधाने काढल्या. जाखडे मूळचे इंजिनियर, एका कारखान्यात नोकरी करून प्रकाशनात आलेले. गणेश देवी यांच्या भारतीय भाषांच्या लोकसर्वेक्षणातला महाराष्ट्राचा खंड त्यांनी स्वतः संपादिला आणि २०१३ साली स्वतःच प्रकाशित केला. प्रकाशकानेच संपादकाची मेहनत उचलावी, याहून पक्की भागीदारी कोणती? २०२२ च्या जानेवारीत ते गेले.

विठ्ठलावरच्या त्या ग्रंथाचा इंग्रजी अनुवादही फेल्डहाउसबाईंनीच केला. तो २०११ साली ऑक्सफर्डने न्यूयॉर्कहून काढला आणि भारतात रानीखेतच्या पर्मनंट ब्लॅकने. ही पर्मनंट ब्लॅकची गंमत पाहण्यासारखी आहे. २००० साली दोन संपादक नवराबायकोंनी सुरू केलेली ही संस्था हिमालयातल्या एका गावी आहे. तिने पुस्तके नेमकी निवडावीत, काटेकोर संपादावीत, आणि विक्री मात्र ओरिएंट ब्लॅकस्वान या मोठ्या प्रकाशनाकडे सोपवावी. पुढे अशोका विद्यापीठाबरोबर तिने एक स्वतंत्र ग्रंथमालाच सुरू केली. विद्यापीठाला प्रतिष्ठा हवी, लहान प्रकाशकाला आधार हवा, मोठ्या विक्रेत्याला माल हवा. प्रत्येकाने आपल्याला येते तेच करायचे. आमच्या मराठीत नेमके उलट आहे. येथे प्रकाशकच संपादक, तोच प्रूफ तपासणारा, तोच गाठोडे उचलून प्रदर्शनात टेबल मांडणारा. अशा माणसाकडून सूचीची अपेक्षा करणे म्हणजे एकट्या गृहिणीकडून पंगत, वाढप आणि कीर्तन या तिन्हींची अपेक्षा करण्यासारखे आहे.

हे सगळे पुण्याचे आणि दादर-गिरगावाकडचे झाले. आमच्या उपनगरांत काय? उपनगर म्हणजे पुस्तके वाचणारी माणसे राहतात ती जागा, पुस्तके निघण्याची जागा नव्हे, असा एक समज आहे. बोरिवलीच्या शब्द पब्लिकेशनने ‘मुक्त शब्द’ मासिक आणि समीक्षेची पुस्तके काढून तो बराचसा खोडला आहे. मासिक आणि पुस्तके एकाच हातातून निघावीत, मासिकातल्या लेखमालेचे पुढे पुस्तक व्हावे, ही विजापूरकरांचीच युक्ती, आणि ती अजून चालते.

पण मला सांगायचे आहे ते याहून जवळचे. आमच्या साष्टीचा, म्हणजे वांद्र्यापासून थेट घोडबंदरपर्यंतच्या या बेटाचा, मराठीतला सर्वांत जुना वृत्तांत ‘महिकावतीची बखर’. केशवाचार्याने रचलेला तिच्यातला भाग पंधराव्या शतकातला मानला जातो. मालाड, मरोळ ही आपण रेल्वेच्या आणि बसच्या पाटीवर वाचतो ती नावे तेथे राजांच्या आणि देसायांच्या कारभारात येतात. राजवाड्यांनी ती १९२४ साली लांबलचक प्रस्तावनेसह छापली. मग ती मिळेनाशी झाली. पुढे पुण्याच्या ह. अ. भाव्यांच्या वरदाने तिचे पुनर्मुद्रण केले नसते, तर या बेटावर राहणाऱ्या लक्षावधी मराठी माणसांना आपल्या गावाचे नाव किती जुने आहे हे कळायला साधन नव्हते. दाते-कर्व्यांच्या महाराष्ट्र शब्दकोशाचे सातही खंड वरदानेच पुन्हा बाजारात आणले. अशा प्रकाशकांना कोणी विद्वान म्हणत नाही. परंतु पुनर्मुद्रण करणारा हा मृत ग्रंथकाराचा भागीदार असतो, आणि त्याच्या हिशेबवहीत लेखकाचा वाटा मागायला कोणी येत नसले तरी खरेदीदारही क्वचितच येतात.

या बखरीच्या वाटेनेच एक प्रकरण माझ्या हाती आले. घाटकोपरचे एक निवृत्त शिक्षक, त्यांना आम्ही सगळे नुसते ‘सर’ म्हणतो, वीस वर्षे साष्टीतल्या स्थलनामांची टाचणे करीत आले आहेत. गावठाणे, ओढे, बांध, खाजणे, मिठागरे, वेशीवरचे देव. ज्या ओढ्यावर आता सहा पदरी रस्ता आहे त्याचे नाव, ज्या टेकडीची खडी झाली तिचे नाव, आगरी-कोळी-भंडारी आणि ईस्ट इंडियन घरांतल्या म्हाताऱ्यांकडून ऐकून, कोणी कोणत्या साली सांगितले हे टिपून ठेवलेले. अकरा वह्या भरल्या आहेत. सांगणाऱ्यांपैकी बरेच आता हयात नाहीत, म्हणजे या वह्या हरवल्या तर ते पुन्हा विचारता येणार नाही.

सरांनी या वह्या एका प्रकाशकाकडे नेल्या. त्याचे नाव मी लिहीत नाही, कारण अशांची संख्या आता एकावर थांबत नाही. त्याने वह्या दोन दिवस ठेवून घेतल्या आणि एक छापील करारपत्र पाठवले. छपाईचा सारा खर्च लेखकाचा, तीनशे प्रती लेखकानेच विकत घ्यायच्या, विक्रीची हमी नाही. करारपत्राच्या माथ्यावर शब्द होता ‘सहप्रकाशन’. सरांनी भोळेपणाने विचारले, “पण आपण वाचले काय?” उत्तर आले की वाचण्याचे वेगळे पैसे पडत नाहीत, मजकूर आहे तसाच छापू. सर मला म्हणाले, “अरे, मला पैशाचे वाईट वाटत नाही. पेन्शन आहे. पण यात चुका असतील ना रे? त्या कोण सांगणार?”

सरांच्या या प्रश्नात माझ्या लेखाचे सगळे म्हणणे आलेले आहे. लेखकाने पैसे घालणे हे लांछन नव्हे. मराठीत कित्येक चांगले ग्रंथ लेखकाच्या खिशातून निघाले आहेत. शंकर गणेश दात्यांची मराठी ग्रंथांची सूची घ्या. १८०० ते १९३७ पर्यंतच्या पुस्तकांची ती नोंद एकट्या माणसाच्या ध्यासाने उभी राहिली. आक्षेप आहे तो भागीदारी हा शब्द वापरून तिच्यातला जिवंत भाग, म्हणजे दुसऱ्या डोळ्यांनी वाचणे, काढून टाकण्यावर. संशोधनग्रंथाला न वाचता छापणे म्हणजे रोग्याला न तपासता औषध देणे. बारा रुपयांची गोळी असो की बाराशेची, धोका तोच.

मग सरकार आहे ना, असे कोणी म्हणेल. आहे. १९६० साली तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोश्यांच्या अध्यक्षतेखाली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले आणि त्याने फार मोठे काम केले. विश्वकोशाचा उगम तेथेच आहे, आणि मंडळाच्या स्वस्त किमतीच्या ग्रंथांवर माझ्यासारख्या कित्येकांचे शिक्षण झाले आहे. तेव्हाच्या मंडळाचे अध्यक्षपद वाईच्या प्राज्ञपाठशाळेत वाढलेल्या पंडिताकडे होते, म्हणजे सरकारच्या पैशाला एक वाचणारा डोळा लाभला होता. तथापि अनुदानाचा स्वभाव असा की ते पहिल्या आवृत्तीशी थांबते. ग्रंथ छापला, प्रती शासकीय ग्रंथागारात पोचल्या, काम झाले. चर्नी रोडच्या त्या ग्रंथागारापर्यंत मुलुंडहून जाऊन ‘आवृत्ती संपली’ हे ऐकून परतलेला वाचक पुढच्या वेळी जात नाही. दुसरी आवृत्ती कोणी काढावी, याला जबाबदार मनुष्य नसतो. लहान प्रकाशकाच्या बाबतीत निदान तो मनुष्य असतो. त्याला शिव्या देता येतात.

मला यातून एक साधा हिशेब सुचतो. राज्यात शासनाचे अनुदान घेणारी सार्वजनिक वाचनालये अकरा-बारा हजारांच्या घरात आहेत. सगळ्यांची गोष्ट सोडा. त्यांतल्या चारशेंनी जरी ठरवले की वर्षाला दोन संशोधनग्रंथ छापण्यापूर्वीच, आगाऊ पैसे देऊन मागवायचे, तरी काव्येतिहास-संग्रहाचे वर्गणीदार पुन्हा उभे राहतील आणि लहान प्रकाशकाला लेखकापुढे हात पसरावा लागणार नाही. आज वाचनालये पुस्तके घेतात ती वर्षाअखेर, अनुदान खर्ची घालण्यासाठी, आणि पुष्कळदा सवलतीचा टक्का पाहून. जास्त सवलत कशावर मिळते हे ज्याला ठाऊक आहे त्याला वाचनालयांच्या कपाटांत काय भरले आहे हेही ठाऊक असते. कागद महागला आहे, पुस्तकावर कर नसला तरी कागदावर आहे, आणि स्थलनामांचा कोश सवलतीत विकता येत नाही.

मुलुंड आणि भांडुपच्या दोन वाचनालयांना मी हे सुचवून पाहिले. एकाने पाच प्रती आगाऊ घेण्याचे कबूल केले. दुसऱ्याच्या चिटणीसांनी ‘ग्रंथ आधी छापून तर येऊ द्या’ असे सांगितले. त्यांचेही चुकले असे म्हणवत नाही, त्यांना लेखापरीक्षकाला उत्तर द्यावे लागते. दरम्यान विद्यापीठात भाषाशास्त्र शिकवणाऱ्या एका बाईंनी पहिल्या दोन वह्या वाचून समासांत पेन्सिलीने शंका काढल्या आहेत. सरांना त्या शंकांचा राग न येता उलट तरतरी आली आहे. एका त्रैमासिकाकडे पंधरा-पंधरा पानांचे हप्ते देऊन पाहावे, असेही चालले आहे.

नकाशांचे काम मी अंगावर घेतले आहे. शाळा सुटल्यावर चित्रकलेच्या वर्गात मोठा कागद पसरून बसतो. मुलुंड आणि भांडुप झाले. घाटकोपरचा एक ओढा नेमका कोणत्या बाजूने खाडीला मिळत असे यावर सर आणि पंतनगरचे एक ऐंशी वर्षांचे आगरी आजोबा यांचे अद्याप एकमत झालेले नाही. ते होईपर्यंत शाई लावायची नाही, असे सरांनी मला बजावले आहे.